पावण्याचा घाम

धरणाला सिमेंटचा गिलावा करणारा इंजिनिअर आपल्या राज्यात बहुधा एकच होऊन गेला, आणि तो मी. हा किस्सा मी लग्नाच्या पंगतीत सांगितलाय, निरोपसमारंभात सांगितलाय, एकदा तर रक्षाविसर्जनाहून परत येताना जीपमध्ये सांगून दुःखी माणसांना हसवलंय. हसावं अशीच त्याची घडण मी इतक्या वर्षांत करून ठेवलीय. फक्त सांगताना त्यातली एक बाई मी दर वेळी गाळतो. खरं तर गाळणं हे तिचं काम. माझं नव्हे.

ती माझी घरमालकीण. सगळं गाव तिला अक्का म्हणायचं, तिच्याहून थोरली माणसंसुद्धा. कोल्हापूरच्या दक्षिणेला, जिथं एसटीतली निम्मी माणसं कानडीत भांडतात आणि मराठीत समेट करतात, तिथलं ते गाव. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, अंगानं काटकुळी, आवाज मात्र पितळी घागरीसारखा. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही, दोन म्हशी आणि पुढची एक खोली भाड्यानं. नव्वद सालानंतरच्या कुठल्याशा उन्हाळ्यात, मोबाईल नावाची पीडा यायच्या आधी, मी वळकटी घेऊन तिच्या दारात उभा राहिलो. तिनं मला आधी नखशिखान्त पाहिलं.

"तम्मा, पोहाय येतंय काय?"

तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. मी म्हणालो, "नाही."

"मग धरणावर कशाला धाडलं तुला? बुडाय?"

खोली दाखवायच्या आधी तिनं माळा दाखवला. शिडी कायम लावलेली. वर ज्वारीची दोन पोती, घोंगडं, कंदील, काड्यापेटी प्लास्टिकच्या पिशवीत. "पाणी आलं तर हितं चढायचं. इचार करत बसायचं न्हाय. तुम्ही शिकल्याली माणसं इचार करत बसताय." मग अटी. घरात मटण-मासा चालायचा नाही, आणि दाराला आतनं कडी लावायची नाही. कडी का नाही, असं विचारल्यावर ती माझ्याकडं असं बघू लागली, की जणू मी श्वास का घ्यायचा असं विचारलं.

तिच्या म्हशींची दावी सरकगाठीनं बांधलेली असत. एक हिसका दिला की सुटलीच. आणि म्हशींना ते कळलेलं होतं. आठवड्यातून तीनदा त्या कुणाच्या तरी शेतात सापडत. लोक दारात येऊन शंख करत, "अक्के, गाठ मारता येत न्हाय व्हय गं तुला?" ही शांतपणे म्हणायची, "मारता येती. सोडता आली पायजे." बसायची ती नेहमी दक्षिणेला तोंड करून, कारण तिकडं धरण होतं. त्याला पाठ दाखवून ती जेवायलासुद्धा बसत नसे.

धरण म्हणजे फार काही नव्हे. डोंगरातून येणारा ओढा दर पावसाळ्यात गावाच्या बाजारगल्लीत शिरायचा, म्हणून सरकारनं त्याच्यावर मातीचा बांध घातला होता, तीन मजली घराएवढ्या उंचीचा. त्याचं काम एकच. वरनं लोंढा आला की पोटात घ्यायचा आणि तळच्या दारातून बेताबेतानं सोडायचा. म्हणजे पावसाच्या तोंडावर त्याचं पोट रिकामं पाहिजे. आधीच जेवून आलेला माणूस पंगतीला बसला तर काय होतं, ते आपण सगळ्यांनी पाहिलंय.

या धरणाला अक्का 'पावणं' म्हणायची. आमच्याकडं अनोळखी माणसाला पावणं म्हणतात, पण तिचा अर्थ वेगळा होता. "गाव आधीचं, ते मागनं आलंय. पावणं कवा उठून जाईल, नेम हाय काय?" असं म्हणून ती रोज उजाडता त्याची विचारपूस करायला निघायची. बांधाच्या पायथ्याशी दगडी मोरी होती. मातीतून पाझरणारं पाणी तिच्यातून करंगळीएवढ्या धारेनं बाहेर पडायचं. अक्का तिथं घागर लावायची. नवऱ्याच्या जुन्या धोतराची चौकोनी फडकी तिनं कापून ठेवली होती. घागरीच्या तोंडावर फडकं बांधायचं, पाणी गाळायचं, मग ते फडकं उगवत्या सूर्याकडं धरून दोन्ही बाजूंनी न्याहाळायचं, आणि घरी आणून माझ्या खिडकीसमोरच्या दोरीवर वाळत घालायचं. सोमवारचं डाव्या टोकाला, मग ओळीनं पुढं. माझ्या कपड्यांना उजवा कोपरा.

"ह्ये बघ, पांढरं धोट," ती मला फडकं दाखवायची. "पावण्याला निस्ता घाम आलाय. घाम येतोय तवर जित्तं हाय. घामात माती आली, की समज अंग सुटाय लागलं."

मी "हो हो" म्हणायचो आणि दाढी करायचो.

आता माझी लायकी सांगतो. मी शिवाजी पेठेतला. पेठेतल्या फुटबॉल संघाचा राखीव गोलकीपर. राखीव अशासाठी, की मुख्य गोलकीपरचा पाय मोडला तेव्हा मला एकदा उभं केलं, आणि पहिल्या अर्ध्यात माझ्या दोन पायांमधून चार गोल गेले. तेव्हा अडवणं हा काही माझा पिंड नव्हे. डिप्लोमाला माती या विषयात मी दोनदा गचकलो, तिसऱ्यांदा काठावर पास झालो, आणि सरकारनं मला मातीच्या धरणावर नेमलं.

त्या वर्षी वळवानं धरण निम्मं भरलं होतं, आणि ते निम्मं पाणी गावातल्या उसाला हवं होतं. उसाचे पुढारी म्हणजे आबा. मोठे बागायतदार, बुलेटवर फिरणारे, तोंडानं फाटके, मनानं मोकळे. अक्काच्या घरी मला रस्सा मिळत नाही हे त्यांना दुसऱ्याच दिवशी कळलं. मग दर रविवारी त्यांच्या ओसरीवर तांबडा, पांढरा, सुकं मटण. तिसऱ्या रविवारी पांढऱ्या रश्श्याची दुसरी वाटी पुढं सरकवत आबा म्हणाले, "सायेब, तेवढं पाणी पंधरा दिवस ऱ्हाऊ द्या की. मिरगाचा काय भरवसा?" मी मान हलवली. ती हो म्हणून हलली की नाही म्हणून, हे मलाही सांगता येणार नाही. तोंडात हाडूक होतं.

घरी आलो तर अक्का म्हणाली, "तुझ्या ढेकरवरनं कळतंय, कुणाच्या चुलीवरनं आलास त्ये."

आणि मग तो निरोप आला. गावात फोन एकच, दूध डेअरीत. डेअरीचा सेक्रेटरी भर रस्त्यातून ओरडला, "सायेब, कोल्हापूरचा फोन हुता! मोठे सायेब सोमवारी येणार हाईत. म्हणाले, पावसाआधी धरण कोरडं पायजे!"

इथं माझा किस्सा रंगात येतो. धरण कोरडं पाहिजे. मी धरणावर गेलो, बांधाकडं पाहिलं. सगळा बांध कोरडा, आणि पायथ्याची ती मोरी तेवढी ठिबकतेय. मी म्हटलं, एवढंच ना? सिमेंटची दोन पोती मागवली, गवंडी बोलावला, मोरी दगडगोट्यांनी ठासली आणि वरून असा गुळगुळीत गिलावा केला, की लग्नघरात भिंतीला करतात तसा. दोन दिवस पाणी मारलं. तिसऱ्या दिवशी धरण खडखडीत कोरडं! बाहेरून. आत पाणी निम्मं तसंच.

या जागी लोक हसतात. अक्का हसली नाही.

ती रिकामी घागर घेऊन परत आली आणि माझ्या दारात उभी राहिली. "तम्मा, पावण्याचा घाम कुठं गेला?"

"थांबवला!" मी ऐटीत म्हणालो.

"थांबला न्हवं. गेला कुठं?"

मी तिला सिमेंट किती चांगलं, गवंडी किती नामांकित, हे सांगू लागलो. तिनं ऐकून घेतलं. मग घागर खाली ठेवून उंबऱ्यावर बसली, अर्थात दक्षिणेला तोंड करून, आणि एकाच दमात बोलली. सीमेपलीकडच्या कानडी मुलखात तिचं माहेर. गावाला मातीच्या बांधाचं तळं. ती सात-आठ वर्षांची असताना एका सकाळी पाणी गाळलं, तर फडकं तांबूस. आईनं थोबाडीत दिली, घागर तळाला टेकवून भरलीस म्हणून. दुसऱ्या दिवशी पुन्हा तांबूस, पुन्हा थोबाडीत. तिसऱ्या दिवशी भर दुपारी, ऊन रखरखत असताना, तळं फुटलं.

"आई गोठ्यात म्हशीचं दावं सोडत हुती," अक्का म्हणाली. "गाठ आवळल्याली. सुटली न्हाय."

उठताना तिनं घागर उचलली. "तवा ठावं न्हवतं, फडकं काय सांगतंय. आता ठावं हाय, तर तू त्याचं तोंडच बुजवलंस."

सोमवारी मोठे साहेब आले नाहीत, पाऊस आला. पहिल्या दिवशी मी खूश. दुसऱ्या दिवशी धरणातल्या मोजपट्टीवर पाणी हातभर चढलं. तिसऱ्या दिवशी दोन हात. निम्मं भरलेलं पोट भराभर भरत होतं. मी तळचं दार उघडायला गेलो, तर दाराचं चाक निम्म्यावर अडकलं, पुढं फिरेना. मी छत्री घेऊन बांधावर येरझाऱ्या घालू लागलो. माझं जेवण कमी झालं. आबांच्या ओसरीवरून बोलावणं आलं तरी जाववेना. काय चुकलंय ते कळत नव्हतं. काहीतरी चुकलंय एवढं मात्र कळलं होतं. फडक्यांची दोरी खिडकीसमोर रिकामी होती, आणि ती रिकामी दोरी बघवत नव्हती.

अक्का भर पावसात घोंगडीची खोळ पांघरून बांधाच्या पायथ्यापायथ्यानं हिंडत होती. लोक म्हणायचे, "अक्के, काय हरवलं गं?" ती म्हणायची, "घाम." लोक हसायचे. मीही हसलो, लोकांना दिसेल एवढं.

चौथ्या दिवशी सकाळी डेअरीसमोर आबांची बुलेट थांबली आणि शिव्यांचा पाऊस सुरू झाला. अक्काची थोरली म्हैस त्यांच्या उसात घुसली होती, आणि ऊस खायचं सोडून मध्ये चिखल करून लोळत होती. "निघत न्हाय बया! हाकललं तरी निघत न्हाय! सगळ्या सरीचा हौद केलाय तिनं!"

अक्कानं शिव्या बाजूला सारल्या. "आबा, चिखल कुठनं आला?"

"कुठनं म्हंजे? पाऊस काय तुझ्याच घरावर पडतोय व्हय?"

"बाकीच्या सऱ्या सोडून म्हैस तितंच का बसली?"

आबांनी बुलेट बंद केली. मग जरा हळू म्हणाले, "तितलं पाणी उकळतंय. भाताचं आदण येतंय बघ, तसं खालनं बुडबुडतंय. मला वाटलं, म्हशीनंच कायतरी केलं."

अक्का माझ्याकडं वळली. "घावला," म्हणाली.

आबांचा ऊस धरणाच्या पायथ्यापासून हाकेच्या अंतरावर. आम्ही पळतच गेलो. म्हशीला चौघांनी उठवलं. खाली ताटाएवढी जागा खरोखरच उकळत होती. अक्कानं तांब्याभर पाणी घेतलं, कमरेचं फडकं काढून गाळलं आणि माझ्यासमोर पसरलं. आबांचं शेत काळंभोर. फडक्यावर साचली होती ती पिवळी माती. त्या गावात पिवळी माती एकाच ठिकाणी होती. डोंगरापलीकडून डंपरनं आणून ती धरणाच्या पोटात भरलेली होती.

माती या विषयात दोनदा गचकलेल्या माणसालासुद्धा ते कळलं. पाणी अडलं नव्हतं. माझ्या गिलाव्याला वळसा घालून ते खालून निघालं होतं, आणि जाताना धरण चमचाचमच्यानं घेऊन चाललं होतं.

"दगडं टाका! बुजवा!" आबा ओरडले. आणि मी, सांगायला लाज वाटते, मी ओरडलो, "सिमेंट आणा!"

अक्कानं माझ्या हातावर फाडकन मारलं. "पुन्ना बुजवतूस? पाण्याला कोंडू नगं. मातीला धर, पाण्याला जाऊ दे!"

आणि मला परीक्षेतला तो बारा मार्कांचा प्रश्न आठवला, जो मी तिन्ही वेळा सोडला होता. पाणी जाऊ द्यायचं, माती धरायची. आधी वाळू, वर खडी, वर दगड. म्हणजे फडकंच, फक्त मोठं. आबांनी एक शब्द न बोलता ट्रॅक्टर काढला आणि आपल्याच उभ्या उसातून घातला. गावच्या समाजमंदिराच्या बांधकामाची वाळू, खडी, सगळं उपसून आणलं. उकळत्या जागेवर वाळू पडली, ती उसळली. आणखी पडली. वर खडी. वर दगड. पाणी येतच राहिलं, पण आता दगडांतून झिरपत, गुमान.

तोवर मी पहार घेऊन मोरीवर तुटून पडलो होतो. आयुष्यात मी केलेलं एकच काम पक्कं निघालं, ते म्हणजे तो गिलावा. निघता निघेना. हाताला फोड आले, फुटले. दोघा पैलवान गड्यांनी मला बाजूला सारलं तेव्हा कुठं सिमेंटची खपली उडाली, आणि आतून पाणी आलं ते चहाच्या रंगाचं. दुसरीकडं पाच-सहा जण तळच्या दाराच्या चाकाला लटकले होते. ते कुरकुरत, रडत एकदाचं फिरलं.

मग करायला काही उरलं नाही. फक्त बघायचं होतं. ती दुपार मी विसरणार नाही. पावसात अर्धं गाव उभं, आणि अक्का मोरीशी उकिडवी बसून फडक्यामागून फडकं गाळतेय. पिवळं. पिवळं. पिवळं. बाजारगल्लीतल्या बायका पोरंबाळं घेऊन देवळाच्या टेकडीवर गेल्या होत्या. अक्काला लोक म्हणाले, "तुझंच घर पयलं हाय, तू बी जा." ती म्हणाली, "म्हसरं सोडल्यात. मी हितंच बसतो." फिकट पिवळं. पुन्हा पिवळं. तिची फडकी संपली.

तिनं कुणालातरी माझ्या खोलीवर पिटाळलं. दोरीच्या उजव्या कोपऱ्यात, पडवीच्या आडोशाला, माझा एकुलता एक पांढरा शर्ट होता, मोठ्या साहेबांसाठी इस्त्री करून टांगलेला. अक्कानं त्याची पाठ घागरीवर ताणली. एकदा गाळलं, चहासारखा डाग. बाही ताणली. गाळलं. फिकट. दुसरी बाही. मग ती उभी राहिली आणि शर्टाची कॉलर आभाळाकडं धरून, सूर्य नव्हता तरी, सवयीनं दोन्ही बाजूंनी पाहिली.

"घाम हाय," ती म्हणाली. "निस्ता घाम."

आबा चिखलात मटकन खाली बसले. मीही बसलो. मग कळलं, मी बराच वेळ बसलेलोच होतो.

पाऊस उघडल्यावर मोठे साहेब आले. उतरलेलं पाणी पाहिलं, फोडलेली मोरी पाहिली, आबांच्या उसातला दगडांचा ढीग पाहिला. कडक आवाजात म्हणाले, "धरण रिकामं ठेवायचा निरोप दिला होता. का ठेवलं नाही?"

मी म्हणालो, "सर, निरोप 'कोरडं' असा आला. मला वाटलं, बाहेरून."

साहेब क्षणभर माझ्याकडं बघत राहिले. मग त्यांच्या पोटाला गदगद हेलकावे बसू लागले. डोळे पुसत त्यांनी ड्रायव्हरला सांगितलं, ड्रायव्हरनं ऑफिसात सांगितलं, आणि आठ दिवसांत मी सगळ्या जिल्ह्यात 'गिलावा साहेब' झालो. चौकशी झाली नाही. मूर्खाची कोण करतो? मला एक ताकीद मिळाली आणि एक टोपणनाव, आणि टोपणनाव मी जपलं. तेव्हापासून हा किस्सा मी सांगतोय.

पुढच्या वर्षी बदली झाली. तोवर रोज उजाडता मोरीवर घागर मी लावत होतो. तसा अक्काचा हुकूमच होता. निघायच्या दिवशी वळकटी बांधली, अक्काच्या पाया पडलो. ती उंबऱ्यावर होती, दक्षिणेला तोंड करून.

"तम्मा, एक इचारू? कोरडं म्हंजे काय, त्ये खरंच तुला कळलं न्हवतं?"

"नव्हतं कळलं, अक्का," मी म्हणालो. वर्षभर सांगून सांगून ते अगदी सफाईनं तोंडातून निघालं.

"न्हाय, मी हितंच बसल्याली अस्तो म्हणून इचारलं. निरोप आला त्या दुपारी तू दाराचं चाक फिरवाय गेलतास. निम्मं फिरवलंस. मग आबाची बुलेट आली, आणि तू त्ये परत मिटलंस. गिलावा त्याच्या दुसऱ्या दिशी."

बाहेर एसटीचा हॉर्न वाजला. मी वळकटीची गाठ पुन्हा आवळली. तिनं माझ्याकडं पाहिलं, उजेडाकडं धरलेल्या फडक्याकडं पाहावं तसं, आधी एका बाजूनं, मग दुसऱ्या. मग उठली, दोरीच्या उजव्या कोपऱ्यातला शर्ट काढला, नीट घडी घातली आणि माझ्या हातात ठेवला.

"लई येळा धुतला," ती म्हणाली. "डाग जात न्हाय."